काका, तुमचा 22 चा पाना माझ्याकडेच राहिला

मालवण-कसाल रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या काकांना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात बाबांची 2009 ची पेट्रोल गाडी घेऊन आलेला, यूट्यूब बघून शहाणा झालेला चाकरमानी तो मीच. त्या दिवशी तुमच्याशी वाद घातला आणि आभार मानायचे राहूनच गेले.

चेक इंजिनचा दिवा दोन महिने जळत होता. ॲव्हरेज पंधरावरून दहावर आलं होतं आणि गाडी उभी राहिली की पेट्रोलचा वास यायचा. शहरातल्या एका वर्कशॉपनं प्लग बदलले, मग धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच बदला म्हणून सांगितलं. मी जवळजवळ हो म्हणणार होतो.

तुम्ही म्हणालात, "आधी तपासूया, पैसे मगे घालवा." फ्यूज पाहिला. धुरात ऑक्सिजन किती ते सांगणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा प्लग काढून गाडीकडच्या बाजूला 12 व्होल्ट येतायत ना, ते पाहिलं. मग सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींना मीटर लावला. सेन्सर तापवणारा आतला हीटर चांगला असेल तर काही ओहम दाखवायला हवेत, इथे काटा हललाच नाही. "हीटर गेलो." बस, एवढंच. सेन्सर साधारण 300 अंशांच्या वर तापल्याशिवाय धड सांगत नाही, आणि तोवर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अंदाजानं जास्तच पेट्रोल सोडत राहतो, हे तुम्ही चहा पिता पिता समजावलंत. असंच चालू राहिलं असतं तर चांगला कन्व्हर्टरही जळाला असता, हे मात्र मला घरी गेल्यावर उमगलं.

सेन्सर काढायला मात्र दीड तास गेला. गाडी वर्षभर समुद्राकाठी उभी, खाऱ्या हवेनं आटे धरलेले. मी लांब पाइप लावून जोर मारू म्हणालो. "जबरदस्ती केल्यार आटे जातले," म्हणत तुम्ही तेल मारलंत, इंजिन थोडा वेळ चालू ठेवलंत आणि गरम असतानाच वायरीसाठी खाच असलेला तो पाना लावलात. पाव फेरा सोडायचा, परत आवळायचा, पुन्हा सोडायचा. तो सुटल्यावरचा कर्रर्र आवाज अजून कानात आहे.

नवा सेन्सर कुडाळहून एसटीनं आला. खाऱ्या हवेच्या धाकानं मी त्याच्या प्लगमध्ये ग्रीस भरायला निघालो, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. धुरातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेशी ताडून बघायचा तर ती हवा त्याला वायरींच्या फटींतूनच मिळते! "गुदमरतलो तो." हे एकाही व्हिडिओत मी ऐकलं नव्हतं.

शेवटी नव्या सेन्सरला लावलेला मीटर माझ्या हातात दिलात. काटा 0.1 वरून 0.9 व्होल्टवर, परत खाली, परत वर. "झोपाळो," तुम्ही हसलात. दिवा विझला, आणि मजुरीचे घेतलेत अवघे तीनशे.

आता ॲव्हरेज पुन्हा चौदाच्या आसपास आहे. बाबा रोज मीटर बघून मला फोन करतात, तो त्रास मात्र तुमच्यामुळे वाढला.

पाना डिकीत सापडला. फडक्यात गुंडाळून कालच्या रात्रीच्या गाडीनं गाववाल्याकडे दिला आहे. घासून गंज काढायला गेलो होतो, पण मग तुमचा हात आठवला आणि आहे तसाच ठेवला.

आपला,
दिव्याकडे बघत गाडी चालवणारा चाकरमानी