बातमीतला ‘टेरियर’ नेमका कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या पंधरवड्यात आपल्या अंकात कुत्रा चावल्याची बातमी होती. मथळा : ‘टेरियरचा बालकावर हल्ला’. तो कुत्रा पिटबुल होता, हे आत शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत आले. त्या मुलाच्या हाताला टाके पडले हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. पण मथळ्यामुळे आणखी जे घडले तेही आपल्याला कळावे, म्हणून हे पत्र. बातमीनंतर तिसऱ्या दिवशी सांगलीच्या विश्रामबागेतले एक कुटुंब माझ्याकडून नेलेले टेरियरचे पिल्लू परत घेऊन आले. सोसायटीच्या बैठकीत त्या बातमीचे कात्रण फिरले होते.

मी हरिपूरचा. १९७९ पासून स्मूथ फॉक्स टेरियर पाळतो, त्यांची वेते काढतो. पहिली कुत्री, चिमी, पाचगणीच्या एका निवृत्त शिक्षिकेने दिली. तेव्हा आमची हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, होती आणि पेवांच्या तोंडाभोवती घुशींनी जमीन पोखरली होती. चिमी जेमतेम सात किलोची. बिळात डोके घालायची, मागचे पाय रोवायची आणि आपल्या तोंडापेक्षा मोठी घूस ओढून बाहेर काढायची. टेरियर या शब्दातच माती आहे. लॅटिनमध्ये ‘टेरा’ म्हणजे जमीन. इंग्लंडात हे कुत्रे कोल्ह्याच्या बिळात सोडत. अंगावर पांढरा रंग जास्त, तो कोल्हा आणि कुत्रा यांत गफलत होऊ नये म्हणून. २००५ च्या पुरात पेवे गेली. चिमीचा वंश अजून माझ्या अंगणात आहे.

आपल्या नाट्यपंढरी सांगलीतल्या जुन्या मंडळींना हा कुत्रा कसा दिसतो ते वेगळे सांगायला नको. नाट्यगीतांच्या तबकड्यांवर भोंग्यासमोर मान तिरकी करून बसलेला कुत्रा आठवा. तो ब्रिस्टलचा निपर, टेरियरच्याच रक्ताचा.

पिटबुलचे मूळ निराळे. बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून, झुंजीसाठी ते कुत्रे तयार झाले. नावात टेरियर आले म्हणून खांद्याशी सव्वा फूट भरणारा माझा कुत्रा आणि तो एकच कसे होतील? मार्च २०२४ मध्ये केंद्राने घातक जातींच्या बंदीचे परिपत्रक काढले, त्यातही पिटबुल वेगळा लिहून पुढे नुसतेच ‘टेरियर्स’ असे लिहिले होते. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. लोकांच्या डोक्यात मात्र तो शब्द बसला तो बसलाच.

टेरियर गरीब गाय आहे असे मी म्हणणार नाही. तो हट्टी, चपळ, दिवसभर काम मागणारा. म्हणून तर स्वभाव राखावा लागतो. डॉग शोमध्ये पहिला आलेला एक नर माझ्याकडे होता, देखणा, छाती-पाय नमुन्यासारखे. पण अनोळखी माणसाने हात पुढे केला की दात दाखवायचा. त्याला मी एकदाही जोडीला लावले नाही. बाहेरून मागणी आली, पैसे चांगले मिळत होते, तरी नाही. तो तेरा वर्षे माझ्याकडेच राहिला आणि म्हातारा होऊन गेला.

पिल्लांच्या बाबतीतही तेच. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, असे केंद्राचे २०१७ चे नियम सांगतात. मी त्याआधीपासून तसेच करत आलो. चौथ्या आठवड्यापासून पिल्ले एकमेकांना चावून खेळतात. जोरात चावले की भावंड किंचाळते, खेळ मोडतो, आई गुरगुरते. दात किती लावायचा हे पिल्लू तिथे शिकते. तीस दिवसांचे पिल्लू खोक्यात घालून विकणारे त्याची ही शाळाच बुडवतात आणि पुढे ते चावले की दोष जातीला!

२०१९ च्या महापुरात माझी राणी नऊ दिवसांची बाळंतीण होती. पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. नाव दाराशी आली तेव्हा अंधार, पाऊस, आरडाओरडा. एका अनोळखी तरुणाने पाचही पिल्ले हळदीच्या पाटीत घेतली. राणी त्याच्या हाताकडे बघत राहिली, एकदा हुंगले आणि पाटीशेजारी नावेत जाऊन बसली. ब्याऐंशी साली ज्या मादीपासून मी स्वभाव पारखायला लागलो, तिच्याच वंशातली ती.

माझी विनंती एवढीच. चावणाऱ्या कुत्र्याची जात छापण्याआधी पशुवैद्यकाला विचारा. तो कुत्रा साखळीला किती तास होता, किती दिवसांचा असताना आईपासून तोडला, कोणी वाढवला, हेही छापा. आणि त्या मथळ्याची दुरुस्ती द्या.

परत आलेले पिल्लू आता बारा आठवड्यांचे आहे. त्या घरातल्या मुलीने त्याचे नाव गुंड्या ठेवले होते. त्याच नावाला ते अजून कान टवकारते. तीन जणांनी मागितले, मी कोणाला दिलेले नाही. आपली दुरुस्ती छापून आली की कात्रण आणि गुंड्या, दोन्ही घेऊन मी विश्रामबागेत जाणार आहे.

आपला,
एक वाचक,
हरिपूर, जि. सांगली