कॅसेटच्या डबीतला कागद आधी जपा

संपादक महोदय,

जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. यंत्र कोणते घ्यावे, जोडणी कशी करावी, हे त्यात नीट सांगितले आहे. तयार झालेल्या फाइलींना नावे काय द्यायची, यावर मात्र एकच ओळ आहे. मी शाळेत बत्तीस वर्षे ग्रंथपाल होते. मला ती ओळ फार अपुरी वाटली, आणि त्याला घरचेच कारण आहे.

माझे वडील नारदीय कीर्तनकार. चिपळूण-गुहागर भागातल्या देवळांत झालेल्या त्यांच्या कीर्तनांच्या ३८ कॅसेट आमच्याकडे होत्या. २०१४ मध्ये एका दुकानातून त्या उतरवून घेतल्या. हाती आल्या त्या 'ट्रॅक ०१' ते 'ट्रॅक ७६' अशा फाइली, प्रत्येक बाजूची एक. सवडीने नावे देऊ म्हणून तशाच ठेवल्या, कारण डबीतल्या कागदावर वडिलांच्या अक्षरात गाव, तिथी, आख्यान, साथीदार सगळे लिहिलेले होतेच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी घरात शिरले आणि छातीपर्यंत चढले. संगणक गेला, कॅसेट गेल्या, कागदांचा लगदा झाला. डोंबिवलीला भावाकडच्या हार्ड डिस्कवर प्रत होती म्हणून आवाज वाचला. पण कुठले कीर्तन कुठले, हे सांगणारे काही उरले नाही.

तेव्हापासून मी ऐकून ऐकून नोंदी करते आहे. पूर्वरंगाचा, म्हणजे निरूपणाच्या पहिल्या भागाचा, अभंग कळतो, उत्तररंगाचे, म्हणजे कथेच्या दुसऱ्या भागाचे, आख्यान कळते. गाव आणि साल कळत नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर श्रावणातले कीर्तन धरायचे. एका ठिकाणी एसटीचा हॉर्न ऐकू येतो, म्हणजे देऊळ रस्त्याला लागून असावे. आई ९१ वर्षांची आहे, भावाकडे असते. रोज संध्याकाळी तिला फोनवर दहा मिनिटे ऐकवते. पेटी कोणाची, हे ती दोन सुरांत सांगते. मी ते तिथल्या तिथे लिहून घेते.

गाणी लावणारी सॉफ्टवेअर गायक, अल्बम आणि शीर्षक विचारतात. कीर्तन त्या चौकटीत बसत नाही. म्हणून अल्बमच्या रकान्यात मी गाव आणि उत्सव लिहिते, शीर्षकात आख्यान, टिपणीत पूर्वरंगाचा अभंग आणि साथीदार. सगळे युनिकोड मराठीत, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत; शोधले की सापडते. फाइलच्या नावात सुरुवातीला ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाला असतो तसा दाखल क्रमांक, पुढे कॅसेटची बाजू: ००७-अ, ००७-ब. आकड्याआधीची शून्ये हवीतच, नाहीतर बऱ्याच यंत्रांवर १० हा २ च्या आधी येतो. साल चुकले तर ते रकान्यात दुरुस्त करता येते, दाखल क्रमांक कधीच बदलायचा नाही. एमपी३ वर भागवू नका, फ्लॅक या प्रकारच्या फाइली करून घ्या. त्यात आवाज जसाच्या तसा राहतो आणि वॅव्ह प्रकारच्या फाइलीपेक्षा जागाही बरीच कमी लागते.

ज्यांच्या घरी कॅसेट अजून आहेत त्यांना कळकळीची विनंती आहे. दुकानात देण्याआधी प्रत्येक डबीतल्या कागदाचा, क्रमांक घालून, मोबाइलवर फोटो काढा. घरात आवाज ओळखणारे कोणी असेल तर त्यांच्याजवळ आजच बसा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावोगावी उभ्या असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांनीही हे काम अंगावर घ्यावे. दाखल नोंदवही कशी ठेवतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

क्रमांक ०२३-ब वर, आख्यान रंगात आलेले असताना, वडील थांबून तबलजींना "वा, भाऊ!" म्हणतात. हे भाऊ कोण, ते आईलाही आठवत नाही. १९८० नंतरच्या दशकात आमच्या भागात कीर्तनाला तबल्याची साथ करणारे किंवा त्यांच्या घरचे कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी आपल्या वृत्तपत्राकडे जरूर कळवावे. साथीदारांचा तो रकाना मी रिकामा ठेवला आहे.

— एक निवृत्त ग्रंथपाल, चिपळूण