श्लुडर्न्सचे पाट

श्लुडर्न्स, दक्षिण तिरोल (इटली)

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

बर्फाचे डोंगर डोक्यावर असताना इथल्या शेतकऱ्याला पाण्याची कसली चिंता, असं बाबांनी फोनवर विचारलं होतं. ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

गाव इटलीत, पण माणसं जर्मन बोलतात. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. स्वित्झर्लंडची हद्द पश्चिमेला अगदी जवळ, ऑस्ट्रियाची उत्तरेला रेशेन खिंडीपाशी. चारही बाजूंना एवढे उंच डोंगर की ढग बाहेरच्या बाहेरच रिकामे होतात. या फिन्शगाउ खोऱ्यात पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, आपल्या नागपूरच्या निम्मासुद्धा नाही. पाणी आहे ते साल्डुर ओढ्यात, वरचा बर्फ वितळून आलेलं. पण ओढा खोल घळीतून वाहतो आणि वावरं उतारावर.

म्हणून ओढा वर उंचावर असतानाच त्यातून पाट काढतात आणि डोंगराच्या कडेकडेने गावापर्यंत आणतात. या पाटाला वाल म्हणतात. सगळं कसब उतारात आहे. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडून बांध फोडतं, कमी झाला तर गाळ बसून पाट भरतो. कडा खडकाळ असेल तिथे लार्च लाकडाच्या पन्हाळी टाकतात, कारण हे लाकूड ओलाव्यात लवकर कुजत नाही. लांबून फिरून आल्यामुळे बर्फाचं गार पाणी वाटेत थोडं कोमट होतं, आणि सोबतचा बारीक गाळ गवताच्या वावरात पसरतो.

पाट सांभाळायला वालर असतो. धुळ्याकडे पांझरा नदीवर शेतकरी मिळून पाणी वाटून घेतात, त्या फड पद्धतीतला पाटकरी जे काम करतो, तेच याचं. रोज फावडं घेऊन पाटाच्या काठाने चालायचं. बिघाड बहुधा छोट्या जागी सुरू होतो : पाल्याचा गुंता, वरून घसरलेला दगड, उंदरा-घुशीचं बीळ. बिळातून आधी नुसता ओलावा दिसतो, मग धार लागते, आणि उतारावर ती धार बांधच घेऊन जाते. ओलावा दिसताच गवताच्या मुळांसकट कापलेला मातीचा ठोकळा तिथे दाबून बसवायचा, नुसती माती टिकत नाही. जुन्या पाटांवर एक पाणचक्कीही असे. चाक फिरलं की लाकडी हातोडा घंटेवर पडे. ठोके थांबले की वालरला खोपटात बसल्या जागी कळे, वर कुठेतरी पाणी अडलं किंवा फुटलं. मला ही युक्ती फार आवडते, वीज नाही, तार नाही आणि खबर लगेच!

पाणी घेण्याची पाळी जमिनीला बांधलेली असते. पाळी रात्री आली तर रात्री उठायचं. मुख्य पाटातून चारी काढलेली असते. चारीत फळी आडवी रोवली की पाणी तुंबतं आणि काठावरून पातळ चादरीसारखं गवतावर पसरतं. तेवढा पट्टा भिजला की फळी उचलून पुढे रोवायची. अशा पारंपरिक ओलिताला २०२३ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तरी आता बहुतेक ठिकाणी पाइप आणि तुषार सिंचनाचे फवारे आले आहेत. माणसं कमी लागतात, पाणी वाचतं. पण पाट बंद झाला की त्याच्या झिरप्यावर जगणारी काठची झाडं वाळतात.

तुषाराचा मोठा उपयोग एप्रिलच्या थंडीत होतो. सफरचंद पूर्ण फुलावर असताना उणे २.२ अंश तापमान अर्धा तास टिकलं तर दहातलं एक फूल मरतं, उणे ३.९ ला दहातली नऊ. अशा रात्री झाडांवर पाणी चालू ठेवतात. पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या आत फूल शून्याच्या आसपास राहतं. तासाला साडेतीन मिलिमीटर पाणी धरा, म्हणजे एकराला सुमारे १४,००० लिटर, आणि तेही रात्रभर. मध्येच पंप बंद पडला तर काहीच न केल्यापेक्षा जास्त नुकसान, कारण पाण्याची वाफ होताना ग्रॅममागे ६०० कॅलरीच्या जवळपास उष्णता झाडाकडून ओढली जाते. याच कारणाने कोरड्या हवेत साधा थर्मामीटर चालत नाही. फुग्यावर ओलं कापड गुंडाळलेला बघून पंप आधीच सुरू करावा लागतो. सूर्य उगवला म्हणून लगेच बंदही करायचा नाही, बर्फ सुटून पडू लागेपर्यंत थांबायचं.

दादाने हे काटोलच्या आपल्या संत्र्याच्या बागेत करावं का, असं विचारलं होतं. करू नये. आपल्याकडे पारा शून्यापर्यंत उतरत नाही. कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी हलकं ओलीत पुरतं, ओली जमीन दिवसाची ऊब धरून रात्री सोडते. मात्र आंबिया बहाराची फुलं यावीत म्हणून पाणी तोडून झाडांना ताण दिलेला असेल तर तेही नको, ताण मोडेल.

गारपिटीच्या जाळीचं म्हणाल तर इथे झाडं बुटक्या खुंटावरची, खांब-तारांवर बांधलेली, हेक्टरी तीन हजारांच्या आसपास. जाळी त्याच खांबांवर बसते. आपली संत्री सहा बाय सहा मीटरवर, हेक्टरी २७७ झाडं, घेर मोठा. जुन्या बागेवर तो खर्च निघणार नाही. कलमांच्या रोपवाटिकेवर मात्र जाळी जरूर टाका, आणि छत सपाट न ठेवता मधे उंच ठेवा, म्हणजे गारा साचून जाळी फाटणार नाही.

बाकी सगळं ठीक आहे. आत्याला नमस्कार सांगा.

तुमचा,
धाकटा