तक्रार पत्र : लेझर कोडच्या रेघांवर येणारा गंज

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : डबाबंद अन्नाच्या लाईनवर बसवलेल्या आपल्या फायबर लेझर कोडरमुळे (झाकणावर लेझरने क्रमांक कोरणाऱ्या यंत्रामुळे) झाकणे गंजत असल्याबाबत

महोदय,

आपल्या सर्व्हिस विभागाने आमच्या तक्रारीवर ‘ग्राहकाच्या पाण्याचा दोष’ असा शेरा मारून ती बंद केली आहे. हा शेरा आम्हाला मान्य नाही. तक्रार पुन्हा नोंदवून घ्यावी, म्हणून हे पत्र.

आमच्या लाईनवर डबा भरून झाकणाची डबल सीम (झाकण आणि डबा यांच्या कडा एकत्र दुमडून केलेला घट्ट सांधा) झाली की आपला लेझर झाकणावर बॅच क्रमांक आणि तारीख कोरतो. मग डबे रिटॉर्टमध्ये, म्हणजे दाबाखाली डबे तापवणाऱ्या बंद पात्रात, जातात, १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास त्यांचे निर्जंतुकीकरण होते, पाण्याने थंड होतात आणि वाळून गोदामात थप्पीला लागतात. काही आठवड्यांनी थप्पी मोडली की झाकणांवर तांबूस आकडे दिसतात.

पाण्याशिवाय लोखंड गंजत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण तेच पाणी सीमच्या कडेवरून वाहते, डब्याच्या अंगावरून वाहते, झाकणाच्या कोऱ्या भागावर तर साचून राहते. तिथे गंज नाही. गंजाची सुरुवात फक्त कोडच्या रेघांवर होते, आणि तिथेही सारखी नाही. इंग्रजी चारच्या कोपऱ्यावर आणि इंग्रजी आठमध्ये रेघ जिथे रेघेला छेदते त्या जागी तो सर्वांत आधी उगवतो. याचे कारण आपल्या यंत्रात आहे. किरण फिरवणारे आरसे कोपऱ्यावर वळताना मंदावतात, किरण मात्र चालूच राहतो, म्हणून तेवढ्या ठिपक्यावर जास्त ऊर्जा पडते. छेदाच्या जागी तर एकाच ठिपक्यावरून किरण दोनदा जातो. कोपऱ्यावर किरण किती वेळ चालू ठेवायचा याची सेटिंग यंत्रात असते, रेघा न छेदणारा फॉन्टही निवडता येतो. यंत्र बसवून सुरू करून देताना यातले काही पाहिले गेले नाही. पाणी आकड्यांचे कोपरे ओळखून गंज आणत नाही, एवढे आपल्या इंजिनिअरनेही मान्य करावे.

आता पुरावा. आमची झाकणे टिनप्लेटची आहेत : पोलादाचा जेमतेम ०.२ मिलिमीटर पत्रा, त्यावर मायक्रॉनमध्येच मोजावा असा कथिलाचा थर आणि बाहेरून पारदर्शक लॅकर, म्हणजे संरक्षक लेप. कथिल २३२ अंशांना वितळते, आणि आपल्या १०६४ नॅनोमीटरच्या किरणाखालचा ठिपका त्याच्या कितीतरी वर तापतो. कोड कोरलेली पण रिटॉर्टमध्ये न गेलेली, थंड करण्याच्या पाण्याचा थेंबही न लागलेली झाकणे घेऊन आम्ही त्यांवर मोरचुदाचे आम्लयुक्त द्रावण लावले. उघडे लोखंड असेल तिथे तांबे चढते, हे शाळेतल्या प्रयोगशाळेतही दाखवतात. तांबे चढले ते कोडच्या रेघांवर, बाकी झाकण स्वच्छ राहिले. म्हणजे पाणी येण्यापूर्वीच लॅकर आणि कथिल दोन्ही गेलेले होते. या झाकणांची छायाचित्रे तक्रारीसोबत पाठवली होती. त्यांच्याबद्दल आपल्या उत्तरात एक अक्षर नाही.

मला जास्त काळजी झाकणाच्या आतल्या बाजूची आहे. इतक्या पातळ पत्र्याला बाहेरून तापवले की उष्णता आत पोचणारच. आतले लॅकर तडकले वा सुटले, तर आम्लधर्मी पदार्थ थेट धातूला लागतो आणि मग प्रश्न दिसण्याचा राहत नाही, डब्याला भोक पडण्याचा होतो. आतल्या लॅकरला बाधा येत नाही, याचा आपला चाचणी अहवाल आम्ही मागितला. उत्तरादाखल माहितीपत्रक आले.

पहिल्या तक्रारीनंतर आपल्या इंजिनिअरने पॉवर कमी केली आणि कोरण्याचा वेग वाढवला. गंज कमी झाला, पण रिटॉर्टमधून बाहेर आलेल्या डब्यांवरचा कोड वाचता येईना. आपल्या मासिक अहवालात मात्र सर्व कोड ‘उत्तम’! कारण कोड तपासणारा कॅमेरा रिटॉर्टच्या आधी बसवलेला आहे. नंतर काय होते, ते तो पाहतच नाही. कोड न वाचता येणारा डबा म्हणजे बॅच हरवलेला डबा. उद्या एखादी बॅच परत मागवायची वेळ आली, तर तिच्या मागच्यापुढच्या बॅचेसही आम्हाला ओढाव्या लागतील. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या कमी आम्लाच्या डबाबंद अन्नासाठीच्या १९७९ च्या स्वच्छता संहितेत डब्यावरचा कोड कायम टिकणारा आणि वाचता येणारा असावा, शिवाय त्याने डब्याला बाधा येऊ नये, अशी अपेक्षा आहे. आपण आम्हाला यातले एक घ्या आणि दुसरे सोडा, असे सांगत आहात.

आणखी एक गोष्ट, आणि ही लगेच थांबली पाहिजे. रिंग ओढून उघडायच्या झाकणांवर गंज चुकवण्यासाठी कोडची जागा सरकवताना तो थेट उघडण्याच्या खाचेवर आणून ठेवला गेला. त्या खाचेत पत्रा आधीच सर्वांत पातळ असतो. आमच्या ऑपरेटरच्या लक्षात आले म्हणून लाईन थांबली.

विक्रीच्या वेळी दाखवलेले नमुने देखणे होते. ती रिकामी, कोरडी, टेबलावर स्थिर ठेवून कोरलेली झाकणे होती, त्यांतले एकही रिटॉर्टमध्ये गेलेले नव्हते. शाईच्या इंकजेटचे मला फार कौतुक नाही. नोझल चोंदणे, सॉल्व्हंटचा वास, सगळे भोगले आहे. पण रिटॉर्टमध्ये रंग बदलणाऱ्या शाईमुळे डबा प्रक्रियेतून गेला की नाही, हे कामगाराला एका नजरेत कळायचे. ती सोय सोडून आम्ही लेझर घेतला तो कोड टिकतो आणि शाई लागत नाही या आपल्या दोन शब्दांवर.

तेव्हा आपण सर्व्हिस इंजिनिअरऐवजी झाकण, लॅकर आणि कथिल समजणारा माणूस पाठवावा. त्याने प्रत्येक प्रकारच्या झाकणासाठी वेगळी सेटिंग आमच्याच भरलेल्या डब्यांवर, आमच्याच रिटॉर्टमधून काढून ठरवावी, आणि आतल्या व बाहेरच्या लॅकरच्या चाचणीसह लेखी द्यावी. फायबर लेझरने हे जमणार नसेल, तर कार्बन डायऑक्साइड लेझरचे हेड चाचणीसाठी द्यावे. त्याचा १०.६ मायक्रॉनचा किरण धातूवरून बराचसा परावर्तित होतो. त्यामुळे झाकणावर आधीच छापलेल्या गडद पट्ट्यातला रंग तेवढा उडवून, खालच्या कथिलाला धक्का न लावता कोड काढता येतो. पट्टा छापलेली झाकणे आम्ही मागवू. निकाल लागेपर्यंत लाईनवर आपल्या खर्चाने इंकजेट प्रिंटर बसवावा, आणि हा काळ वॉरंटीत धरू नये.

गंजलेल्या झाकणांचा माल आम्ही वेगळा काढून ठेवला आहे. त्याची पाहणी आपल्या माणसासमोर व्हावी अशी आमची इच्छा आहे, नुकसानभरपाईचा आकडा त्यानंतर कळवू. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास देखभालीचा करार रद्द समजून यंत्र परत नेण्याची सूचना आपल्याला पाठवली जाईल.

आपला,
प्रमुख, गुणवत्ता विभाग