कौशल्याचा तास साहित्यासह मोफत हवा

महोदय,

शिक्षण सक्तीचे आणि मोफत असावे, यात दुमत नकोच. पण शाळेत कौशल्याचा, म्हणजे सुतारकाम, वायरिंग अशा हातकामाचा, तास नुसता वेळापत्रकात घालून भागत नाही. एका करवतीभोवती ४० मुले उभी केली, तर एक कापतो, बाकीचे बघतात. १५ जणांचा गट, सलग दोन तासिका आणि दोघांत एक हत्यारसंच हवाच. खिळे, वायर, करवतीची पाती संपत राहतात. तो खर्च पालकांवर टाकला की गरीब मूल नेमके त्याच दिवशी गैरहजर राहते. या तासासाठी गणिताच्या तासाला मात्र कात्री लावू नका. ३, ४, ५ फुटांच्या मापाने काटकोन का साधतो, हे पायथागोरसच्या प्रमेयाशिवाय कळणार नाही. आणि गुण वही पाहून नव्हे, मुलाने केलेला लाकडाचा सांधा पक्का बसला की हलतो, हे पाहून द्यावेत.

– एक कार्यानुभव शिक्षक