लीड्सचा तो माणूस इन्स्पेक्टर नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला इंग्रजी ऐतिहासिक रहस्यकथांवरचा लेख वाचला. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात घडणाऱ्या त्या कादंबरी-मालिकेबद्दल मराठीत कुणी लिहिलं याचा आनंद पहिल्या परिच्छेदापुरताच टिकला. दुसऱ्या परिच्छेदात नायक ‘लीड्सचा धडाडीचा इन्स्पेक्टर’ झाला, पुढे तीन ठिकाणी ‘पोलीस अधिकारी’ आणि चित्राखाली ‘गुप्तहेर’. एका माणसाला तीन हुद्दे दिलेत आणि तिन्ही चुकीचे. काल दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो.

तो थीफ-टेकर आहे, म्हणजे पैसे घेऊन लोकांचा चोरीला गेलेला माल शोधून देणारा खासगी माणूस. मराठीत नेमका शब्द नाही हे मान्य. मग शब्द तसाच ठेवायचा आणि दोन ओळी समजावून सांगायचं. मालिका 1820 च्या दशकात घडते. इन्स्पेक्टर असायला आधी पोलीस खातं असावं लागतं. लंडनला ते 1829 साली आलं, लीड्सला 1836 साली. त्याआधी तिथे रात्री फिरणारे जागले होते आणि मोजके कॉन्स्टेबल, बस्स. आणि शहर केवढं फुगत होतं! 1801 साली 53 हजार माणसं, 1831 साली 1 लाख 23 हजार. लोकरीच्या गिरण्या, लिननच्या गिरण्या, एअर नदीकाठची रंगारी खाती, कालवा, कोळसा. एवढ्या गर्दीत चोरी झाली तर चोर शोधायचा कुणी? ज्याची चोरी झाली त्यानेच. खटलाही त्यानेच उभा करायचा, साक्षीदारही त्यानेच आणायचे, सगळं पदरमोड करून. म्हणून लोक थीफ-टेकरकडे जायचे. तो ठरावीक पैसे घेऊन माल परत आणून द्यायचा. चोराला शिक्षा होते की नाही, हा बहुतेक वेळा त्याच्या कामाचा भाग नसायचा.

त्याला ‘पोलीस’ म्हटलं की सगळी गोष्टच बिघडते. चोर हातात सापडला असताना हा माणूस त्याला सोडून का देतो, आधी पैशाचं का बोलतो, कॉन्स्टेबल त्याच्याकडे संशयाने का बघतो, हे तुमच्या वाचकाला कळणार कसं? तो म्हणेल, इन्स्पेक्टर लाचखाऊ दिसतो. लाच नव्हे, ती त्याची मजुरी आहे. पण ती मजुरीसुद्धा कायद्याच्या काठावरची. 1718 च्या कायद्याने, चोराला कोर्टात उभं न करता नुसता माल परत देण्याबद्दल बक्षीस घेणं हा गुन्हा होता. लंडनचा जोनाथन वाइल्ड याच कलमाखाली सापडला. स्वतःला ‘थीफ-टेकर जनरल’ म्हणवणारा हा माणूस एकीकडे चोरांच्या टोळ्या पोसायचा आणि दुसरीकडे त्यांनीच चोरलेला माल मालकाला पैसे घेऊन परत द्यायचा. शेवटी एका बाईची चोरीला गेलेली लेस परत मिळवून दिल्याबद्दल घेतलेल्या दहा गिनी त्याला भोवल्या. 24 मे 1725 रोजी टायबर्नला, लंडनच्या फाशीच्या जागी, त्याला फाशी दिलं. त्यानंतर शंभर वर्षांनी लीड्समध्ये हाच धंदा करणाऱ्या सरळ माणसाच्याही मानेवर तो वाइल्ड बसलेला आहे. ‘माल तूच चोरलास आणि तूच आणून देतोस’ हा संशय त्याला दर घरी झेलावा लागतो. माझ्या मते या कथांचा सगळा जीव तिथे आहे, खून कुणी केला यात नाही.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. ते मी घरात पाहिलंय.

1965 साल. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, वडील गिरणीत. आई शेजारणींची पोलकी, परकर शिवून द्यायची. तिचं हाताने फिरवायचं शिवणयंत्र होतं. पावसाच्या दिवसांत खोलीत अंधार म्हणून ती गॅलरीत बसून शिवायची. एका दुपारी नळाला पाणी आलं म्हणून हंडा घेऊन गेली, परत येते तर मशीन नाही. मी अकरा वर्षांचा होतो. वडिलांबरोबर चौकीत गेलो. तिथे मशीनची पावती मागितली. ते सेकंडहँड घेतलेलं, पावती कुठली? तक्रार लिहूनच घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी गल्लीतला एक माणूस आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, “वहिनी, मशीन मिळेल. पण त्यांना तीस रुपये द्यावे लागतील.” ‘त्यांना’ म्हणजे कुणाला, हे आईने विचारलं नाही. पगार व्हायला अजून सहा दिवस होते. तिने भिशीवाल्या बाईकडून पैसे उचलले आणि माझ्या हातात देऊन मला त्याच्याकडे पाठवलं. रात्री दहाला हातगाडीवर गोणपाटात गुंडाळून मशीन आलं. आईने गोणपाट सोडलं, चाक फिरवून पाहिलं, पट्टी सरकवली आणि म्हणाली, “बॉबिनकेस नाहीये.” तो म्हणाला, “बघतो.” दोन दिवसांनी ती छोटीशी बॉबिनकेस कागदात बांधून घेऊन आला आणि वर दोन रुपये घेऊन गेला.

मी आईला विचारलं, ह्याला मशीन रस्त्यात सापडलं असेल, पण बॉबिनकेस कुठे आहे हे ह्याला कसं माहीत? ती म्हणाली, “गप बस. मशीन आलं ना?” पुढे कितीतरी वर्षं तो माणूस जिन्यात भेटला की विचारायचा, “वहिनी, चालतंय ना व्यवस्थित?” आई मान हलवायची आणि पदर सारखा करून आत जायची. तो चोरांचा साथीदार होता की खरंच मध्ये पडून आमचं भलं करणारा होता, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तिचं पोट त्या मशीनवर होतं, म्हणून तिने स्वतःचीच वस्तू बत्तीस रुपयांना परत विकत घेतली. लीड्सच्या कादंबरीत थीफ-टेकर गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहतो, तेव्हा मला तो जिन्यातला माणूस दिसतो. तुमच्या लेखकाने त्याला गणवेश चढवला, याचा राग आला तो यासाठी.

आणखी एक चूक, ती मला जास्त लागली. नायक स्वतः वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवून कामाला लावायच्या सरकारी घरात, वाढलेला आणि लहानपणी गिरणीत राबलेला, हे लेखात सांगितलंय ते ठीक. पण पुढे ‘डॉफर म्हणजे गिरणीत झाडलोट करणारी मुलं’ असं ठोकून दिलंय. मी 1973 पासून 1982 च्या संपापर्यंत रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होतो, पहिली काही वर्षं बदली कामगार म्हणून. डॉफर केर काढत नाही. सूत भरलं की साचा, म्हणजे कताईचं यंत्र, थांबवायचा, भरलेल्या बॉबिनी भराभर उपसायच्या, रिकाम्या बसवायच्या, साचा परत चालू. जितका वेळ साचा उभा, तितकी मुकादमाची बोंब. 1832 साली गिरणीत राबणाऱ्या मुलांबद्दल बसलेल्या ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे लीड्सच्या एलिझाबेथ बेंटलीने साक्ष दिली, तेव्हा ती 23 वर्षांची होती. सहाव्या वर्षी लिननच्या गिरणीत लागली. कामाची गर्दी असली की पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत काम, मध्ये दुपारी चाळीस मिनिटं जेवायला, हात मंदावला तर पट्ट्याचा मार. डॉफर काय करतो हे तिने समितीला सांगितलं, ते मी वाचलं तेव्हा माझीच बोटं हलायला लागली. क्रम अगदी तोच. दीडशे वर्षांनी, समुद्रापलीकडे, तोच. फरक एवढाच की मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या पोरांना झाडूवाले करून टाकू नका. ज्याने लहानपणी हे सोसलंय तो मोठेपणी चोरी करणाऱ्या पोराला कॉन्स्टेबलच्या हाती का देत नाही, याचं उत्तर त्या एका शब्दात आहे.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. गेल्या वर्षी गिरणी कामगारांच्या घरांबद्दल मी तुम्हाला पत्र पाठवलं होतं. दोन पानांचं पत्र तुम्ही पाच ओळींवर आणलंत आणि त्या पाच ओळींत माझा मुद्दाच नव्हता. जागेची अडचण असते, समजतो. पण त्याच लीड्समधल्या ‘लीड्स मर्क्युरी’ या वर्तमानपत्राने 16 ऑक्टोबर 1830 रोजी रिचर्ड ओस्टलर यांचं पत्र छापलं होतं, मथळा ‘यॉर्कशायरची गुलामगिरी’. गिरणीत जुंपलेल्या मुलांवरचं पत्र. त्यावरून रान उठलं, दोन वर्षांत ती समिती बसली, आणि 1833 साली नऊ वर्षांखालच्या मुलांना, रेशमाच्या गिरण्या सोडल्या तर, कापडगिरण्यांत कामाला लावायला कायद्याने बंदी आली. वाचकांचं पत्र ही पानात उरलेली जागा भरायची वस्तू नाही, एवढंच माझं म्हणणं.

लेखकाबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांनी चांगला विषय निवडला, आणि असे विषय मराठीत फार थोडे लोक हाताळतात. पण ‘इन्स्पेक्टर’ आणि ‘डॉफर’ या दोन्हींची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, दिसेल अशा अक्षरात छापावी. आणि हे पत्र कापायचंच झालं तर लंडनचा मजकूर कापा, आईच्या मशीनचा ठेवा.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
निवृत्त गिरणी कामगार, चिंचपोकळी