कढीपत्त्यावरची अळी आणि मेरियानबाई

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नकोस. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी. बाबा, तुमच्या रंगपेटीला हाच विषय घ्या, पण मारिया सिबिला मेरियानच्या रीतीने. १६४७ साली जर्मनीतल्या फ्रांकफुर्टला जन्मलेल्या या चित्रकार बाईने १३ व्या वर्षी रेशमाचे किडे पाळले. किडे चिखलातून आपोआप होतात असं मानणारे तेव्हा पुष्कळ होते. ती अंडं, अळी, कोष, फुलपाखरू आणि अळीचं झाड एकाच चित्रात मांडायची. सोबत मजकूर, काय खाल्लं, कोष कधी झाला. १६९९ मध्ये, ५२ व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. त्यावरचं ६० चित्रांचं पुस्तक १७०५ चं. त्यातला पेरूच्या फांदीवर पक्षी खाणारा कोळी फार गाजला. शिकावं ते अळ्यांच्या चित्रांतून.

अळी पाळायला दोन लिटरची बरणी घ्या आणि तोंडाला मलमल बांधा. झाकण लावलं की आत पाणी सुटतं, लेंड्यांवर बुरशी येते. तळाचा कागद रोज बदला. कढीपत्त्याची डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवून बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी खाली उतरून बुडते. मंडईतला कढीपत्ता नको, त्यावर फवारा असू शकतो.

कात टाकताना अळी एका जागी गप्प बसते, तेव्हा हात लावू नका. शेवटच्या कातीनंतर ती हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचं नारिंगी शिंग बाहेर काढते, वासही येतो. बाबा, एवढं एकदाच बघा आणि चित्रात घ्या. पुढे पातळ शी करून ती भटकायला लागली की उभी कोरडी काडी ठेवा. शेपटी चिकटवून कमरेला धागा बांधून घेते. कोषाखाली वीतभर जागा मोकळी हवी, नाहीतर पंख चुरगळलेलेच राहतात. कोषाला भोक पडून बारीक गांधीलमाश्या निघाल्या तर दोष बरणीचा नाही; त्यांची अंडी आधीच पडलेली असतात. असे पाहुणे मेरियाननेही नोंदवलेत.

ती चर्मपत्रावर रंगवायची. तुम्ही गुळगुळीत ३०० ग्रॅमचा कागद घ्या. खरबरीत कागदावर पायांची रेघ तुटते. आकार पट्टीने मोजून जिवंत अळीएवढाच. ट्यूबमधला हिरवा प्लास्टिकसारखा दिसतो. लेमन यलोत अल्ट्रामरीनचा कण मिसळा. पांढरे डाग रंगवू नका, कागद कोरा सोडा.

आई, नोंदी तुझ्या. दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवरच लिही: कात, रंग, कोष. कोषातून फुलपाखरू साधारण ८ ते १० दिवसांत येतं, थंडीत उशिरा. पंख सुकायला तासदोन तास द्या, मग कुंडीवर सोडा. रिकामं टरफल मात्र टाकू नका, तेही काढायचंय.

तुमची,
लेक